शिफारस हॉटेलाची नव्हे, पदार्थाची

मागील वैशाखात माझे मेहुणे दोन दिवसांच्या कामासाठी नागपुराहून मुंबईस आले, आणि सकाळच्या न्याहारीसाठी कोठे जावे अशी पृच्छा त्यांनी केली तेव्हा मी मोठ्या अधिकारवाणीने दादरमधील एका जुन्या, नामांकित उपाहारगृहाचे नाव सांगितले व स्वतः दातांच्या डॉक्टरांकडे निघून गेलो. तासाभराने परतलो, तो मेहुणे खिडकीपाशी आम्लपित्ताची गोळी चघळीत, मुद्रा उतरलेली, असे बसलेले. ज्या ठिकाणी गेली तीस वर्षे मी एकच जिन्नस खात आलो, तेथे त्यांनी नेमका तो सोडून पावभाजी मागवली होती; आणि तीही सकाळी साडेनऊला, म्हणजे कालची भाजी आणि आजचा तवा यांची जेमतेम ओळख होण्याच्या सुमारास. "भाऊजी, तुम्ही हॉटेल सांगितलं, तिथं खायचं काय, ते सांगितलंच नाही नं," एवढेच ते म्हणाले. महसूल खात्यात छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला, आपण अर्धवट दस्त लिहून दिला आणि पक्षकार फसला, हे उमगायला याहून अधिक शब्दांची आवश्यकता नव्हती.

हल्ली शिफारशींचा सुकाळ झाला आहे. कोणत्याही उपाहारगृहाचे नाव भ्रमणध्वनीवर उमटवले, की त्यापुढे चार तारे, साडेचार तारे असे नक्षत्रमंडळ झळकते, आणि त्या ताऱ्यांच्या भरवशावर माणसे कुटुंबकबिल्यासह घराबाहेर पडतात. माझा आक्षेप त्या ताऱ्यांच्या खरेखोटेपणाला नाही. ते सारे खरे धरले तरी त्यांतून मला काहीच कळत नाही, हा आहे. ताऱ्याला पदार्थ नसतो, वेळ नसते आणि ऋतू तर नसतोच. शिफारस हा शब्द फारशीतून दरबारात, दरबारातून कचेरीत आणि कचेरीतून आपल्या घरात उतरला. आणि या सगळ्या प्रवासात त्याचा एक अर्थ अबाधित राहिला, तो असा की शिफारस करणारा मनुष्य आपली पत गहाण टाकतो. ज्याने एकच पदार्थ, तोही एकदाच, आणि दुसऱ्याच्या खर्चाने खाल्ला, त्याने संपूर्ण उपाहारगृहाविषयी अभिप्राय देणे म्हणजे शिवारातला एक बांध पाहून साऱ्या गावाची आणेवारी ठरवण्यासारखे आहे. म्हणून गेल्या वर्षभरात जे खाल्ले त्यातील मोजक्या जिनसांची शिफारस मी येथे करीत आहे. त्यांतील प्रत्येक जिन्नस किमान तीनदा, स्वतःच्या पैशाने आणि त्याच्या योग्य वेळी खाल्ला आहे.

माटुंग्याच्या स्थानकालगत पूर्वेला १९३९ पासून चालत आलेल्या 'राम आश्रय'मधील अननसाचा शिरा सकाळी सातच्या आत खावा. त्या वेळी तेथे फिरून आलेले वृद्ध आणि रात्रपाळी संपवून आलेले लोक यांचीच वस्ती असते. शिरा नुकताच उतरलेला असतो, रव्याचा कण तुपात फुललेला पण मोडलेला नसतो, आणि अननसाची आंबूस चव गोडाला सारखी टोकीत राहते. रविवारी दहा वाजता सहकुटुंब जाऊन, तासभर रांगेत तिष्ठून, त्या रागाच्या भरात शिऱ्याला नावे ठेवणाऱ्याची तकरार मी दाखल करून घेणार नाही. त्याच स्थानकाजवळ वरच्या मजल्यावर, १९४२ साली सुरू झालेल्या ए. रामा नायक यांच्या 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग'मध्ये केळीच्या पानावर जेवण मिळते. तेथे माझी शिफारस रसमची. आणि ते भातावर न घेता वाटीतून प्यावे, अशी उपशिफारस.

साबुदाणा वड्याविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे. दादरला गोखले रस्त्यावर, शिवाजी पार्काच्या बाजूला, 'प्रकाश'मध्ये जो वडा मिळतो तो बशीत आल्याबरोबर खाण्याची घाई करू नये. प्रथम तो दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबून फोडावा. कवच कुरकुरत दुभंगते, आतून वाफ निघते, आणि त्या वाफेत दाण्याचा कूट, जिरे आणि हिरवी मिरची यांचा एकवट वास येतो. आत साबुदाण्याचे मोती एकमेकांस धरून असतात, परंतु त्यांचा लगदा झालेला नसतो. प्रत्येक मोती पारदर्शक, आपापली सीमा राखून असलेला. ही सीमा राखणे हीच या पदार्थातील सारी विद्या. साबुदाणा कमी भिजला तर मधला कण कच्चा राहतो आणि तेलात तडतडून फुटतो, अधिक भिजला तर वडा तेल पितो. आणि हा हिशेब पावसाळी हवेत वेगळा, उन्हाळ्यात वेगळा मांडावा लागतो. वड्यानंतर पीयूष घ्यावे, आधी घेऊ नये. श्रीखंड आणि ताक यांच्या त्या जायफळगंधी संयोगाने जीभ जी निवते, ती पुन्हा मिरचीच्या भानगडीत पडावयास राजी होत नाही.

जाता जाता एक सांगितल्यावाचून राहवत नाही. उपवासाचा म्हणून आपण जो वडा मोठ्या सोवळेपणाने खातो, त्यातील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची हे चारही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेले. देवगिरीच्या यादवांना यांपैकी एकाचेही दर्शन घडलेले नसणार. जिरे आणि मीठ तेवढे आपले. एकादशीने या परकीयांना कोणत्या नियमान्वये प्रवेश दिला, हे शास्त्रीपंडितांनाच ठाऊक.

शिवसेना भवनासमोरील 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून परगावचा मनुष्य तेथे शिरला की मिसळच मागवतो. मिसळ चांगलीच आहे. पण माझे मत विचाराल, तर तेथे दुपारी चारच्या सुमारास जाऊन थालीपीठ मागवावे. पारितोषिकाचा एक दोष असा, की ते एका पदार्थावर प्रकाश टाकते आणि त्याच्या शेजारच्या ताटलीला अंधारात लोटते.

मिसळीसाठी मी अजूनही ठाण्यालाच जातो. तहसील कचेरीजवळच्या ज्या उपाहारगृहाला सारे ठाणे 'मामलेदार मिसळ' म्हणून ओळखते, त्याचे नावच त्या कचेरीवरून पडले. आणि गंमत अशी, की कागदोपत्री मामलेदाराचा केव्हाच तहसीलदार झाला, परंतु मिसळीच्या दप्तरी या फेरफाराची नोंद झाली नाही. मी त्या कचेरीत अव्वल कारकून असताना, जमाबंदीच्या दिवसांत दुपारी डोळ्यांपुढे आकडे नाचू लागले की आम्ही चौघे उठून तेथे जात असू आणि परत आल्यावर ज्याच्या कपाळावर घाम नाही त्याने मिसळ खाल्लीच नाही असे समजत असू. आता वयोपरत्वे मी 'मध्यम' मागतो. तिखटाची प्रत आधी सांगावी लागते हे नवख्याला कोणी सांगत नाही, आणि मग तो पहिल्या घासाला पाण्याचा पेला शोधतो. या लाल, तेलाचा तवंग मिरवणाऱ्या द्रवाला कोल्हापुरास कट म्हणतात, पुण्यास सॅम्पल, आमच्या मेहुण्यांच्या विदर्भात तर्री. आणि ज्या गावी जावे त्या गावचा शब्द वापरून तो मागितला, तर वाढणाऱ्याचा हात किंचित सैल होतो, असा माझा अनुभव आहे.

ऋतूचे म्हणावे, तर मासळीच्या शिफारशीला मुदत घातलीच पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा काळ माशांच्या प्रजननाचा, आणि समुद्रही खवळलेला. या दोन महिन्यांत एखाद्याच्या शिफारशीवर विसंबून आपण पापलेट मागवले आणि ते आले, तर ते कोठून आले, किती दिवस बर्फात होते, हे विचारण्याची छाती कोणाला असते? त्या दिवसांत सुकट, जवळा, सुके बोंबील यांकडे वळावे. मालवणी खानावळीतली जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी यांवर मी गेला आषाढ सुखाने काढला. ताज्या बोंबलाची वेळ नारळी पौर्णिमेनंतर. रव्यात घोळून तळलेला बोंबील टेबलावर आल्यापासून पाच मिनिटांत संपवावा. आतले मांस पाण्यासारखे मऊ आणि बाहेरचा रवा खडखडीत, ही विसंगती त्याहून अधिक काळ टिकत नाही.

माझ्या नियमाला खानावळ हा अपवाद. तेथे पाटी नसते, यादी नसते, निवड नसते. जे शिजले ते वाढले जाते. गिरणगावातील असंख्य कामगारांची पोटे बायकांनी आपल्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत भरली, आणि अशा खानावळवाल्या स्त्रियांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ही मुंबईच्या भोजनेतिहासातली मला सर्वांत मोठी घटना वाटते. १९८२ च्या संपानंतर ते गिऱ्हाईक विखुरले; गिरण्यांच्या जागी मनोरे आले. पण लालबाग-परळच्या गल्ल्यांत अजून काही दारे दुपारी उघडी असतात, आणि तेथे शिफारस पदार्थाची नव्हे, हाताची करावयाची असते. असा एक हात मला गेल्या वर्षी सापडला. गुरुवारी तेथे काळ्या वाटाण्याचे सांबार असते आणि त्या दिवशी मी दुसरे काही काम ठेवीत नाही. पत्ता देत नाही, कारण त्या खोलीत एका वेळी अकरा माणसे बसतात आणि बारावा मी असतो.

शिफारशीतील सर्वांत मोलाचा भाग कोणीच लिहीत नाही: काय मागवू नये. गेल्या दिवाळीच्या सुमारास उपनगरातील एका प्रशस्त, थंडगार उपाहारगृहात आम्ही आप्तांसह गेलो. यादी चौदा पानांची; तीत दक्षिण होते, उत्तर होते, चीन होता, इटली होती आणि शेवटच्या पानावर 'खास मराठमोळे' या मथळ्याखाली पिठले होते. मी पिठले मागवले. जे आले त्यात काजू होते. वाढप्याला, घरी जेवता तेव्हा पिठल्यात काजू घालता काय, असे विचारता तो बिचारा ओशाळून हसला आणि हळूच म्हणाला, "काका, इथं पिठलं कुणी घेत नाय." हीच ती शिफारस! पण ती बिल येण्यापूर्वी मिळाली असती, तर आमचे दोनशे चाळीस रुपये आणि त्या काजूंची अब्रू, दोन्ही वाचली असती. चौदा पाने लिहिणाऱ्या स्वयंपाकघरात बारा पाने शीतकपाटातून निघतात, ही साधी त्रैराशिकाची गोष्ट आहे. उलट ज्या दुकानाच्या दारावर दुपारी दोन वाजता 'संपले' अशी खडूची पाटी लागते, त्या दुकानावर माझा विश्वास अधिक बसतो. तेथून उपाशी परतताना मला चडफड होते, हे खरे, पण शंका मात्र येत नाही.

धोबी तलावाच्या 'कयानी'त, जे १९०४ पासून चालू आहे, सकाळी ब्रुन मस्का घ्यावा आणि तो चहात बुडवावा. न बुडवता खाण्याचा प्रयत्न दातांच्या डॉक्टरांकडून परतलेल्या माणसाने करू नये. बॅलार्ड इस्टेटीतील १९२३ सालच्या 'ब्रिटानिया'त बेरी पुलाव दुपारी, पण भूक लागण्याच्या थोडे आधीच जाऊन गाठावा. त्या आंबट लाल फळांची सवय जिभेला पहिल्या भेटीत होत नाही. माझ्या सौभाग्यवतींना ती तिसऱ्या भेटीतही झालेली नाही, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे.

या सर्व शिफारशी मी कार्तिकात एका फूलस्केपवर लिहून, पदार्थ, वेळ, महिना आणि वर्ज्य जिन्नस अशा चार रकान्यांसह, मेहुण्यांकडे रवाना केल्या. पंधरा दिवसांत त्यांचे उत्तर आले. त्यांनीही रकाने आखले होते. पहिली नोंद अशी: तर्री पोहे, कस्तुरचंद पार्काजवळ, सकाळी नऊच्या आत, तर्री एकदम ओतून घेऊ नये, दोन हप्त्यांत घ्यावी, वैशाखात येऊ नये. खाली स्वाक्षरी आणि दिनांक. मी तो कागद फायलीला लावला, पौषातली दोन तिकिटे काढली, आणि गाडी निवडताना ती नागपुरास किती वाजता पोहोचते, एवढेच पाहिले.