गळती बुजविली, दुखणे राहिले

विमान कोसळले की ‘काळ आला होता’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे मान्य नाही. काळ पुष्कळदा वर्दी देऊन येतो. ती ऐकायची की नाही, हे माणसाच्या हाती असते.

१९ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेतील मायामीहून बहामातील बिमिनी बेटाकडे निघालेले एक लहान समुद्री विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. त्याचा उजवा पंखच निखळला होता. आतील २० जणांपैकी कोणीही वाचले नाही. त्यांत ३ तान्ही मुले होती. ग्रुमन मॅलार्ड जातीचे हे विमान १९४७ साली बांधलेले. परंतु केवळ वयाला दोष देऊन भागणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००७ मध्ये निष्कर्ष काढला, की वारंवारच्या ताणाने पंखाच्या धातूला तडे गेले होते. कंपनीच्या देखभाल-व्यवस्थेने ते ओळखले नाहीत व नीट दुरुस्तही केले नाहीत. आणि हे दोष ज्याने हेरावयाचे, त्या सरकारी विमान वाहतूक खात्यानेही ते हेरले नाहीत.

मला अस्वस्थ करते ती निराळीच गोष्ट. त्या पंखातच इंधनाची टाकी होती आणि तिच्यातून इंधन पुनःपुन्हा गळत असे. गळले की लुकणासारखा लेप लावून भोक बुजवीत. गळती थांबली, काम झाले! पण धातूची टाकी गळते का? ती गळती म्हणजे यंत्राने केलेली तक्रारच होती. तिचे तोंड लेपाने बंद केले आणि त्याच लेपाखाली तडा वाढत राहिला.

तक्रार माणसांनीही केली होती. देखभालीविषयी काही वैमानिकांनी चिंता व्यक्त केली. काहींनी त्यापायी नोकरी सोडली. पण तोवर या कंपनीच्या विमानात एकही प्रवासी दगावला नव्हता. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. वस्तुतः तडा मोजण्याचे ते माप नव्हेच. धातू मागचा लौकिक पाहत नाही.

लहान कंपनी, जुनी विमाने, पैशाची चणचण, या अडचणी मला कळतात. पैसा नसेल तर विमान जमिनीवर ठेवावे. तिकीट विकून ते उडविण्याचा अधिकार कोणालाही नाही. आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना यंत्रातले फारसे कळत नाही, हे खरे. परंतु ‘थांबले ना?’ एवढ्यावर समाधान न मानता ‘झाले कशाने?’ हे विचारायला यंत्रज्ञ असावे लागत नाही. आणि असे विचारणाऱ्याला कटकट्या म्हणून गप्प बसविणे, हा माझ्या मते त्या लेपाचाच दुसरा प्रकार आहे.