वॉरंट धाकाचे की हजेरीचे?

निवडणूक जाहीर झाली म्हणजे प्रलंबित अजामीनपात्र वॉरंटांची बजावणी हा जिल्हा प्रशासनाच्या आस्थेचा विषय होतो. निवडणूक आयोग त्याचा हिशेब मागतो, पोलीस ठाण्यांतील नोंदवह्या उघडल्या जातात, रात्रीच्या फेऱ्या सुरू होतात आणि ज्यांची आठवण कित्येक वर्षे कोणी काढली नव्हती अशी माणसे अंथरुणातून उठवून न्यायालयापुढे उभी केली जातात. मतदान पार पडले की हा उत्साह ओसरतो. मधल्या काळात ही वॉरंटे कोठे असतात, ती कोणाच्या डोक्यावर लटकत असतात आणि त्यांचा निकाल लावण्याची नीट वाट कोणती, या प्रश्नांकडे मात्र क्वचितच कोणी लक्ष देतो. तो विचार आज करणे अगत्याचे आहे.

आपल्याच जिल्ह्यातील मोडनिंबचे उदाहरण घ्या. माढा तालुक्यातील हे बाजाराचे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेले असून कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारा लोहमार्गही येथूनच जातो. रस्ता आला की रहदारी आली, रहदारीबरोबर अपघात आले. बाजार आला की उधारी आली आणि उधारीबरोबर न वटलेले धनादेश आले. बांधावरची मारामारी, जुगार आणि दारूबंदीचे खटले तर कोणत्याच गावाला चुकलेले नाहीत. आरोपीला जामीन मिळतो, दोन-तीन तारखांना तो माढ्याला जातो, प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी बुडते आणि हाती पुढची तारीख पडते. मग तो पोटासाठी पुण्याला किंवा पिंपरी-चिंचवडला निघून जातो. समन्स जुन्या पत्त्यावर येते आणि ‘मिळून आला नाही’ या शेऱ्यानिशी परत जाते. त्यानंतर जामीनपात्र वॉरंट, मग पकडवॉरंट. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपल्या समाजाची जुनी शिकवण. परंतु ज्याच्या नावे वॉरंट निघाले आहे त्याने ती पाळली, तर एके दिवशी तीच पायरी त्याला पोलिसांबरोबर चढावी लागते.

येथे कायद्याची एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. वॉरंट काळाच्या ओघात आपोआप निकालात निघत नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ७२ व्या कलमानुसार, ज्या न्यायालयाने ते काढले त्याने ते रद्द करीपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहते. १९७३ च्या जुन्या संहितेतही हाच नियम होता. नव्या संहितेने ज्या गुन्ह्यांना दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा आहे, त्यांतील फरारी घोषित झालेल्या आरोपीच्या गैरहजेरीतही खटला चालवून निकाल देण्याची सोय केली. साध्या मारामारीच्या किंवा धनादेशाच्या खटल्याला ती सोय लागू नाही. परिणाम असा की, मोठा गुन्हेगार पळाला तरी न्यायाचा गाडा पुढे सरकू शकतो, आणि लहान खटला मात्र एका माणसाच्या गैरहजेरीपायी वर्षानुवर्षे जागच्या जागी रुतून बसतो.

या रुतलेल्या खटल्याची झळ केवळ आरोपीलाच लागते असे नाही. ज्या स्त्रीला पोटगी मंजूर झाली, परंतु जिचा नवरा थकबाकीच्या वॉरंटाला हुलकावण्या देत फिरतो, तिच्या घरची चूल त्या कागदावर अवलंबून असते. ज्या व्यापाऱ्याचा धनादेश परत आला, किंवा अपघातात ज्याचा पाय गेला, त्यांनाही निकाल हवा आहे. तेव्हा वॉरंटांच्या बाबतीत सैलपणा दाखवा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, वॉरंट हे माणसाला न्यायालयात हजर करण्याचे साधन आहे, आणि ज्या मार्गाने तो लवकर व खात्रीने हजर होईल तो मार्ग आधी खुला केला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग आखून दिलेला आहे. प्रथम समन्स, त्याने भागले नाही तर जामीनपात्र वॉरंट, आणि आरोपी हेतुपुरस्सर टाळाटाळ करतो अशी खात्री पटल्यावरच अजामीनपात्र वॉरंट, असा क्रम त्याने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी यांच्या खटल्यात सांगितला. मुंबईत एका वकिलाला, त्यांच्या नावचे वॉरंट रद्द झालेले असतानाही, १५ ऑगस्ट २००२ रोजी, म्हणजे ऐन स्वातंत्र्यदिनी अटक झाली होती. त्या प्रकरणाचा निकाल देताना २०११ साली न्यायालयाने असे निर्देश दिले की, प्रत्येक वॉरंटाला अनुक्रमांक असावा, न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात त्याची नोंदवही असावी, आणि वॉरंट रद्द होताच तसा आदेश पोलिसांना धाडून ते बजावणीविना परत मागवावे. सतेंदरकुमार अंतिल यांच्या खटल्यातील मार्गदर्शक सूत्रे, जी २०२२ च्या निकालाने पक्की झाली, तर आणखी एक पाऊल पुढे जातात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या सर्वसाधारण गुन्ह्यांत, अटक होण्यापूर्वी आरोपीच्या वतीने अर्ज आला आणि पुढील तारखेस हजर राहण्याची हमी दिली गेली, तर त्याच्या प्रत्यक्ष उपस्थितीचा आग्रह न धरता अजामीनपात्र वॉरंट रद्द करता येते किंवा जामीनपात्र करता येते.

हे सारे दिल्लीत ठरले. मोडनिंबच्या चावडीपर्यंत ते पोचले आहे काय? तेथील सामान्य माणसाची समजूत अशी की, आपण होऊन न्यायालयात गेलो तर तेथूनच तुरुंगात रवानगी होईल. या भीतीपायी तो लपतो आणि जितका अधिक लपतो तितका त्याचा खटला अधिक बिघडतो. जामिनावर सुटून हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या २६९ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि जामीनदाराच्या मुचलक्याची रक्कम जप्त होते ती निराळीच. वास्तविक आपल्या खटल्याचा टप्पा आणि पुढील तारीख ई-कोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येते. वकील करण्याची ऐपत नसलेल्यांसाठी तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तर उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानेच दिला आहे. १५१०० या क्रमांकावर त्यासाठी विचारणा करता येते. वाट आहे, ती दाखवणारा माणूस गावात नाही.

या बाबतीत अमेरिकेतील एक प्रयोग उद्बोधक आहे. तेथील क्लीव्हलँड शहरात २००५ साली एका चर्चमध्ये चार दिवस न्यायाधीश, वकील आणि अधिकारी एकत्र बसवण्यात आले आणि ज्यांच्या नावे वॉरंटे आहेत त्यांनी आपण होऊन यावे, असे आवाहन झाले. आठशेंहून अधिक माणसे आली, आणि बहुतेकांचा प्रश्न तेथल्या तेथे मार्गी लागला. त्यांना माफी मिळाली नव्हती. केवळ विश्वासाची जागा मिळाली होती.

आपल्याकडे याकरिता नवा कायदा नको, नवे खातेही नको. माढ्याच्या न्यायालयाने महिन्यातून एक दिवस केवळ वॉरंट रद्द करण्याच्या अर्जांसाठी राखावा. विधी सेवा समितीने मोडनिंबच्या आठवडी बाजाराच्या दिवशी एक वकील आणि एक संगणक घेऊन बसावे, आणि ज्याला आपले नाव तपासायचे आहे त्याचे ते चारचौघांत न पुकारता तपासून द्यावे. न्यायालयाची व पोलीस ठाण्याची नोंदवही दरमहा एकमेकींशी ताडून पाहावी, म्हणजे रद्द झालेल्या कागदावर कोणाला अटक होणार नाही. पक्षकारांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक यांची नोंद ठेवण्याचा जो नियम नव्या संहितेच्या ६४ व्या कलमात आहे, तो मनापासून पाळला तर ‘मिळून आला नाही’ या शेऱ्याचे निम्मे काम संपेल. एवढे करूनही जो येणार नाही, त्याच्यासाठी पोलिसांची रात्रीची फेरी आहेच. तेव्हा ती न्याय्यही ठरेल आणि तिला उसंतही मिळेल.

शेवटी एक शब्द शहरवासी वाचकांसाठी. मोडनिंबहून आलेला माणूस तुमच्या कारखान्यात, दुकानात, सोसायटीच्या फाटकाशी किंवा मोटारीच्या चाकामागे काम करीत असतो. तो कोर्टाच्या तारखेसाठी एका दिवसाची रजा मागतो तेव्हा अनेक मालक ती नाकारतात किंवा त्याच्याकडे संशयाने पाहतात. नाकारलेल्या त्या एका दिवसातूनच पुढे पकडवॉरंट जन्माला येते. न्यायालये आणि पोलीस आपापले काम करतील तेव्हा करतील; ही रजा देणे मात्र आपल्या हाती आहे आणि ते आजही करता येईल.