पोर मठ्ठ, की रक्त कमी?



भुईमुगाची पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की आपण लगेच ओळखतो. जमीन चुनखडीची आहे आणि पिकाला लोह मिळत नाही. मग आपण हिराकस आणतो, पाण्यात विरघळवतो, त्यात थोडे लिंबूसत्त्व घालतो आणि फवारतो. पीक पुन्हा हिरवे दिसू लागते. पिवळ्या भुईमुगाला आळशी म्हणून बोल लावणारा शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही.

घरातल्या पोरीला मात्र आपण बोल लावतो. असे म्हणताना आम्ही स्वतःला वगळत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बारा-तेरा वर्षांची एक मुलगी मागे बसून पेंगत असे. गेल्या रविवारचा धडा या रविवारी तिला आठवत नसे. चार मुलांदेखत आम्ही तिला विचारले, "डोके घरी ठेवून येतेस काय?" मुले हसली, तीही हसली. पुढे तपासणीत तिचे हिमोग्लोबिन सात भरले. त्या वयाला निदान बारा हवे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, पण लेकराची खालची पापणी ओढून आत लाली आहे की नाही एवढे पाहायचे आम्हाला सुचले नाही. ते वाक्य आजही आम्हाला बोचते.

मेंदूचे वजन शरीराच्या शंभरात दोन भाग. पण आपण श्वासातून घेतो त्या प्राणवायूचा शंभरातला वीस भाग हा एकटा मेंदू खातो. तो प्राणवायू वाहून नेते रक्तातले हिमोग्लोबिन, आणि लोहावाचून हिमोग्लोबिन तयार होत नाही. शिवाय मेंदूच्या स्वतःच्या कामालाही लोह लागतेच. मग लोह कमी पडले की पोर पेंगते, चिडते, वाचलेले विसरते, जिना चढताना धापा टाकते.

हे कोणी परदेशात शोधून काढले म्हणून आपण ऐकायचे, असेही नाही. आपल्या वडोदऱ्यातच, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अन्न व पोषण विभागात, सुभद्रा शेषाद्री आणि तारा गोपालदास या दोन विदुषींनी शाळकरी मुलांवर हे पडताळून पाहिले. काही मुलांना साठ दिवस लोहाची गोळी दिली, काहींना लोह नसलेली, आणि आधी-नंतर बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. लोह मिळालेल्या मुलांचे, त्यातही रक्त कमी असलेल्यांचे, गुण वाढले. हे काम १९८९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००९ साली याच शहरातल्या शाळकरी मुलींवर सेन आणि कनानी यांनी केलेला अभ्यास छापून आला. वर्षभर रोज किंवा आठवड्यातून दोनदा गोळी घेणाऱ्या मुली चाचण्यांत सुधारल्या. मास्तर तेच, पुस्तके तीच, फरक फक्त लोहाचा!

आणि ही एखाद-दुसऱ्या घरची गोष्ट नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधल्या शंभर स्त्रियांपैकी ६५ आणि पाच वर्षांखालच्या शंभर बालकांपैकी ८० जणांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण शंभरात २७ च्या आसपास. हा फरक मासिक पाळीचा आणि बाळंतपणांचा, हे खरे. पण थोडा आपल्या पंगतीचाही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रविवारचे मटण घ्या. तुकडे बाबांच्या आणि मुलाच्या ताटात, मुलीला रस्सा, आणि आईला भांड्याला लागलेला मसाला. मांसातले, मासळीतले लोह शरीर सहज घेते, शिवाय सोबतच्या भाजी-भाकरीतले लोह घ्यायलाही मदत करते. कलेजीचे दोन तुकडे आधी मुलीच्या ताटात पडू द्या. घरधन्याने स्वतः वाढावे, म्हणजे वाद नको.

बाजरी, तूर, मटकी, मेथी, राजगिरा, चवळीचा पाला, अळीव, या सगळ्यांत लोह आहे. पण शाकाहारातल्या लोहापैकी शंभरात पाच-आठ भागच अंगी लागतो. चुनखडीच्या जमिनीसारखेच ते: लोह असते, मुळांना मिळत नाही. इथेही लिंबूच कामाला येते. भाजीवर लिंबू पिळा, जेवताना आवळा किंवा पेरू खा, मटकीला मोड आणा. चहा मात्र जेवणाबरोबर नको. त्याने अंगी लागणारे लोह निम्म्याहून कमी होते. सकाळी शेतावर निघताना भाकरी चहात बुडवून खाण्याची आपली सवय आम्हाला ठाऊक आहे, आम्हीही तेच खात वाढलो. चहा तासाभराने घ्यावा, एवढेच मागणे.

उपवासाबद्दलही दोन शब्द. आपल्या काही मुली प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी काही न खाता शाळेत जातात. ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आहे, आणि आजारी माणसाला तो लागूच नाही. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या आयांनाही सूट आहे. रक्त कमी असलेल्या मुलीने पोटभर जेवावे, हे धर्मगुरू म्हणून आम्ही सांगत आहोत.

वडोदरा म्हटले की लोकांना तालीम आठवते. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? डभोईला १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे माणिकरावांच्याच हाताखाली तयार झाले. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. व्यायामाने डोके तरतरीत राहते हे आम्हाला मान्यच आहे. मोटारसायकलवर बांधापर्यंत जाणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी रोज अर्धा तास पायी चालावे असेही आम्ही म्हणू. पण ज्या पोरीने पहाटे पाणी भरले आणि दुपारी कापूस वेचला, तिला व्यायाम करत नाहीस म्हणणे अन्याय आहे. ते कष्ट, खेळ नव्हे. आधी तिचे रक्त भरू द्या, मग तिला संध्याकाळी मैत्रिणींबरोबर खो-खो खेळायला मोकळी सोडा.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुले खिशातून घरी आणतात आणि ती फेकली जाते. "शौच काळे होते, मळमळते" असे आया सांगतात. शौच काळे झाले तर घाबरू नये. मळमळ जेवणानंतर गोळी घेतल्याने कमी होते. ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्याच्या पायातून आकडीकृमी शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो, म्हणून १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिवसाची गोळीही चुकवू नये. मात्र ज्या घरात सिकलसेल आहे त्यांनी रक्त तपासून, डॉक्टरांना विचारूनच लोह द्यावे. आपल्या आदिवासी बांधवांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आणि फवारणीचे हिराकस कोणीही घरात औषध म्हणून वापरू नये, ते विष ठरेल.

येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही अंगणातच थांबणार आहोत. घरी पडून राहिलेल्या निळ्या गोळ्या, असतील तितक्या, घेऊन या. आणि मुलींना बरोबर आणा, पापण्या आम्ही या वेळी नक्की पाहू.