पाटी लावलीत, पोहायला कधी शिकवणार?

पाण्याच्या काठावर ‘पोहण्यास सक्त मनाई’ अशी पाटी लावणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,



मी उत्रोलीची सून. भोरच्या शेजारचं आमचं गाव. माहेर श्रीवर्धनकडचं. माहेरी समुद्र आणि सासरी धरणं, असं माझं सगळं आयुष्य पाण्याच्या काठानं गेलं. आता दोन्हीकडे तुमची पाटी उभी आहे. ती वाचून मी गप्प बसले असते. पण यंदाच्या उन्हाळ्यात जे घडलं ते मनाला फार लागलं आणि कुणा एकाला सांगून ते हलकं होणार नाही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आधी माझं पाणी कुठलं ते सांगते. श्रीवर्धनहून हरिहरेश्वराकडे जाताना किनाऱ्यावर दोन खडपांच्या मधे एक लहानशी पुळण आहे. मागे सुरूचं बन. रस्त्यावरून ती दिसत नाही, म्हणून तिथे कधी गर्दी नसायची. सुरूच्या सावलीत चपला काढून ठेवायच्या, त्याची बारीक बोंडं टोचतात म्हणून जपून पाय टाकत वाळूपर्यंत जायचं आणि पाण्यात शिरायचं. आम्ही मुली परकर-पोलक्यावरच पोहायचो. दोन्ही अंगांनी खडप असल्यामुळे लाटांचा जोर मोडलेला असे. तरी माझ्या काकांनी आम्हाला पहिल्या दिवशी पाण्यात उतरू दिलं नाही. आधी नुसतं बघायला लावलं.

काका म्हणायचे, तिथी विचारल्याशिवाय समुद्रात जायचं नाही. तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. अवस-पुनवेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तेवढ्याच जोरानं उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खडपाच्या पुढे जायचं नाही, हा नियम घरातल्या लहानथोर सगळ्यांना सारखाच होता. अंगावर येणारी लाट दिसते. परत जाणारी ओढ दिसत नाही, आणि ती पुष्कळदा खडपाच्या कडेनंच असते. तीत सापडलीस तर काठाकडे झोंबू नकोस, आडवी पोह. दमलीस तर उताणी पड आणि श्वास सांभाळ. ओल्या, काळ्या, शेवाळलेल्या दगडावर पाय देऊ नकोस. खडपाला धरायला जाऊ नकोस, कालवांनी हात फाटतील.

या ज्ञानाला पैसा लागला नाही. घरात दिनदर्शिका होती, काठावर जाणतं माणूस होतं, तेवढं पुरलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या सुरूंची आणि सुपारीच्या वाड्यांची जी दशा झाली ती सगळ्यांनी पाहिली. आमच्या पुळणीमागचेही कितीतरी सुरू आडवे झाले. मागे माहेरी गेले तेव्हा उरलेल्या सुरूंपैकी एकाच्या खोडाला तुमची पाटी ठोकलेली होती. भरती केव्हा, ओढ कुठे, दगड कुठले निसरडे, यातलं एक अक्षर तिच्यावर नव्हतं. सक्त मनाई, एवढंच.

आता सासरचं सांगते. वरंधा घाट चढून मी भोरकडे आले तेव्हा वाटलं, इथे तर माझ्याहून पाण्यातली माणसं असतील. एकीकडे वेळवंडीवरचं भाटघर, साडेतेवीस टीएमसीचं. दुसरीकडे नीरेवरचं नीरा देवघर, पावणेबारा टीएमसीच्या आसपासचं. इथलं पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत जातं. त्या पाण्यासाठी भोरच्या खोऱ्यांनी आपली भातखाचरं आणि गावं दिली. आणि एवढ्या पाण्याच्या काठावर राहून इथल्या बहुतेक बायकांना पोहता येत नव्हतं. त्याच पाण्यावर धुणं धुवायचं, गुरं धुवायची, भांडी घासायची, पण गुडघ्याच्या पुढे पाणी आलं की जीव मुठीत. मुलगे पाठीला डबा बांधून शिकायचे आणि मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळायच्या.

मे २०२२ मध्ये भाटघरच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणी बुडाल्या. तालुक्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती बातमी आली तेव्हा ती काय करत होती ते तिला आठवत असेल. धरणाचं पाणी वरून शांत दिसतं. पण त्याच्या तळाशी नदीचा सपाट काठ नाही, बुडालेली शिवारं आहेत. वेळवंड खोऱ्यातलं कांबरेश्वराचं देऊळ दरवर्षी पाण्याखाली जातं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. जिथे देऊळ आहे तिथे शेताचे बांध आहेत, ताली आहेत, गाळ आहे. दोन पावलं कंबरभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला पुरुषभर. हे काठावरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. नव्यानं आलेल्या सुनेला, सुट्टीत आलेल्या भाचीला ते कोण सांगणार?

त्या घटनेनंतर शेजारच्या बायका माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, वहिनी, तुम्हाला येतं ना, मग आमच्या पोरींना शिकवा. मी शिकवू लागले. जागा म्हाताऱ्यांना विचारून निवडली, बांबूनं तळ तपासला, दोर बांधला, कंबरेच्या पुढे कुणाला जाऊ दिलं नाही. डबे पाठीला बांधले. मुलींच्या आया काठावर बसून असायच्या. सगळ्यात आधी उताणं तरंगायला शिकवलं, कारण जीव वाचतो तो त्यानं.

यंदा तुमच्यापैकी एका कार्यालयाचा माणूस तिथे आला आणि त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. पाटी दाखवली. गुन्हा दाखल करीन म्हणाला. मुली ओल्या कपड्यांत उभ्या होत्या आणि तो सगळ्यांदेखत मला विचारत होता, ‘बाई, पोरींना कशाला पाण्यात घालता? त्यांना काय करायचंय पोहून?’ त्या माणसावर माझा राग नाही, तो हुकमाचा ताबेदार. पण त्यानंतर एकही मुलगी पोहायला आली नाही. आया म्हणाल्या, नको वहिनी, पोलिसांचं लफडं नको. वर्षानुवर्षांची भीती आम्ही कशीबशी काढली होती. तुम्ही ती एका दुपारी परत घातलीत. दुःख त्याचं आहे.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. शनिवार-रविवारी गाड्या भरभरून येतात, बाटल्या फुटतात, ज्यांना पोहता येत नाही तेही दारूच्या नादात उड्या मारतात. मग रात्री-अपरात्री प्रेतं शोधायची वेळ येते आणि जाब तुम्हाला विचारतात. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि लगोलग जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश निघाले. पावसाळ्यात, पुराच्या पाण्यात, विसर्ग चालू असताना मनाई हवीच. त्या मनाईला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण जी मनाई जुलैच्या पुराला लागते, तीच मे महिन्यातल्या कंबरभर पाण्याला कशी लावता? नशेत उडी मारणाऱ्याला आणि दोर धरून तरंगायला शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला एकच नियम कसा?

आणखी एक विचारते. कुणी बुडालं की तुम्ही कुणाला हाक मारता? काठच्या गावातल्या पोहणाऱ्या पोरांना. गळ आणि दोर घेऊन तीच उतरतात, थंडीवाऱ्यात तळ धुंडाळतात. ती कुठे शिकली? याच नदीत, याच डोहात, जिथे आज तुमची पाटी आहे. उद्या ही पोरं म्हातारी होतील. मनाई पाळून मोठी झालेली पुढची पिढी काठावर उभी राहून नुसती आरडाओरड करेल. तेव्हा हाक कुणाला मारणार?

एका वर्षात, २०२२ साली, देशात बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांच्या वर आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी राखून ठेवला. शाळकरी मुलांना पोहणं, पाण्यातली सावधगिरी आणि सुरक्षित बचाव शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यासाठी मोठा तरणतलाव लागतो असं म्हणाल, तर बांगलादेशाकडे पाहा. तिथे गावच्या तळ्यातच बांबूचे मांडव बांधून हजारो लहान मुलांना पोहायला शिकवलं गेलं. आपल्याकडे पाणी आहे, बांबू आहे, शिकवणारी माणसं आहेत. परवानगी तेवढी नाही.

म्हणून मागणी करते. भोर-वेल्ह्यातल्या आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक काठच्या शाळेत चौथी-पाचवीपासून मुलामुलींना उन्हाळ्यात पोहायला शिकवा. मुलींना शिकवायला गावातल्याच बायका तयार करा, त्यांना मानधन द्या. त्यासाठी प्रत्येक गावाजवळ एक तपासलेली, दोर बांधलेली जागा ठरवून द्या आणि ती मनाईतून वगळा. पाटी जरूर लावा, पण तिच्यावर लिहा की बांध कुठे संपतो, पाणी कुठे एकदम खोल होतं, पाणी सोडण्याआधी इशारा कसा मिळतो. किनाऱ्यावरच्या पाटीवर त्या दिवसाची भरती-ओहोटी लिहायला खडू आणि फळा पुरे. प्रत्येक पाटीशेजारी एक लांब दोर आणि फुगवलेली ट्यूब टांगून ठेवा. पाण्यात उडी न मारता बुडत्याला कसं ओढायचं हे दोन वाक्यांत लिहा. एवढं केलंत तर पाटी वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी लागेल.

आमच्या जमिनी पाण्याखाली गेल्या तेव्हा आम्हाला समजूतदार म्हटलंत. आज त्याच पाण्यात आमच्या लेकी जीव वाचवायला शिकू पाहतात तर आम्ही अडाणी ठरतो. हा अपमान आहे आणि तो मी मुकाट्यानं गिळणार नाही. पुढच्या उन्हाळ्यासाठी मी ग्रामसभेत अर्ज ठेवणार आहे: जागा, वेळ, दोर, डबे, काठावर बसणाऱ्या आयांच्या सह्या, सगळं लिहून. तो तुमच्या टेबलावर येईल तेव्हा नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणा, आणि आमच्या मुलींनी पोहायला कुठे शिकायचं तेही त्याच कागदावर लिहा.

आपली,
उत्रोलीची एक पोहणारी बाई