कर्णपरीक्षा

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक परीक्षा झाली. शाळेंत छत्तीस वर्षें आम्हीं परीक्षकाचें काम केलें असल्यामुळें खुर्ची ओळखीची होती. उमेदवार मात्र नवे होते. कानांत घालून गाणें ऐकावयाचे तीन इयरफोन टेबलावर मांडले होते आणि त्यांतून एक निवडावयाचा होता.

निमित्त असें. आमची नात तेरा वर्षांची. ती शास्त्रीय गायन शिकते आणि यंदा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्णच्या परीक्षेस बसणार आहे. सौ.च्या माहेरून आलेला मिरजेचा तानपुरा घरांत आहे. पण राजोडीची हवा दर्याची. पावसाळ्यांत त्या तारा सकाळीं लावाव्या तों दुपारीं उतरलेल्या असतात, आणि जवारी तर आठ दिवस टिकेल तर शपथ. म्हणून मुलगी मोबाईलमधल्या तानपुऱ्यावर रियाज करते. त्यांतहि आषाढ-श्रावणांत समुद्राची गाज घरांत येऊन बसलेली असते, आणि शनिवार-रविवार किनाऱ्यावरील रिसॉर्टांतल्या ध्वनिवर्धकांचा आवाज सुरूच्या बनांतून गाळून येतो. त्यांतलें गाणें वाटेंत गळतें, नुसता ठोका येऊन पोंचतो. तेव्हां इयरफोन हवाच. आजवर बाजारांतून आणलेले दोन-दोनशें रुपयांचे इयरफोन तीन महिन्यांत एका कानानें मुके होत आणि आमच्याकडे त्यांचा गठ्ठा सांचे.

मुंबईस नोकरी करणारा आमचा पुतण्या या विषयांतला दर्दी. "काका, या वेळीं जरा बरी वस्तु घ्या," म्हणून त्यानें आपल्या संग्रहांतील तीन नग आणून दिले. यांस तो 'इन-इअर मॉनिटर' म्हणतो. रंगमंचावरील गोंगाटांत गायकास स्वतःचा आवाज ऐकूं यावा म्हणून ही योजना रूढ झाली. आतां ती सर्वांच्या कानांत आली आहे. एकाची किंमत दोन हजारांच्या आंत, दुसऱ्याची पांच हजार, तिसऱ्याची बारा हजार. तिन्ही तारेचे. बिनतारींची विजेरी दोन-तीन वर्षांत थकते आणि मग सगळी वस्तूच टाकावी लागते, म्हणून ते त्यानें आणलेच नव्हते. कारखान्यांचीं नांवें आम्ही देत नाहीं. या धंद्यांत वरचेवर नवी आवृत्ति निघते. अंक वाचकांच्या हातीं पडेपर्यंत नांव शिळें होतें.

पहिल्या दिवशीं आम्हीं तिघांसहि नापास केलें. खर्ज कोठें लागेना, मृदंग पत्र्याच्या डब्यासारखा वाजे. सौ. शेजारीं वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तें कानांत बसलेलं तरी आहे का? लोंबतंय नुसतं." खरोखरच रबराचीं टोपणें आमच्या कानास लहान पडत होतीं. बूच घट्ट बसलें नाहीं कीं खालचे स्वर फटींतून निघून जातात आणि दोष यंत्राच्या माथीं येतो. डब्यांत लहान-मोठीं तीन जोड टोपणें देतात तीं शोभेसाठीं नव्हेत. मोठीं चढवितांच मृदंगाला पोट आलें.

पण बूच बसल्यानें दुसरीच एक अडचण उत्पन्न होते, आणि मधल्या किंमतीच्या वस्तूंतील खरा भेद तेथेंच पडतो असें आमचें मत झालें. आपल्या कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब असते. बांसरीच्या पोकळीस जसा स्वतःचा नाद असतो तसा या नळीसहि असतो. सेकंदास सुमारें तीन हजार कंपांच्या आसपासचा ध्वनि ती आपोआप उचलून धरते. माणसाच्या बोलण्यांतील बरीचशी स्पष्टता या भागांत असते. नळीच्या तोंडीं बूच बसलें कीं ही निसर्गाची कृपा बिघडते, आणि कारागिराला ती इयरफोनच्या आवाजांत अगोदरच भरून द्यावी लागते. कमी पडली तर गायक पडद्याआड गेल्यासारखा वाटतो. जास्त झाली तर अंगावर येऊन ओरडतो. हा अंदाज पैशानें साधतो असेंहि नाहीं. २०१७ सालीं ब्रीबार्ट नांवाच्या संशोधकानें २८३ हेडफोनांचीं मोजमापें तपासून असें दाखविलें कीं, त्यांच्या ध्वनीचा तोल आणि बाजारांतली किंमत यांचा परस्परांशीं कांहीं संबंध लागत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरविलेलीं पदें लावलीं. तिन्ही इयरफोन सारखेच गोड वाटले आणि आम्हीं तिघांस सारखे गुण दिले. पुतण्या हंसला. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत उंच कंप फारसे उमटतच नसत. जें प्रश्नपत्रिकेंतच नाहीं त्यांत विद्यार्थी कच्चा कीं पक्का हें कळावें कसें? मग किशोरीताई आमोणकरांचें अलीकडच्या काळांतील एक ध्वनिमुद्रण घेतलें. त्यांत पांच हजारांचा इयरफोन स्पष्टपणें पुढें गेला. पण पुतण्यानें पुन्हां हटकलें, कीं तो नुसता मोठा वाजतो आहे. मोबाईलवरचा आंकडा तोच असला तरी प्रत्येक इयरफोन त्यांतून कमी-जास्त आवाज काढतो, आणि किंचित् मोठा आवाज मनुष्याला नेहमींच अधिक चांगला वाटतो. वर्गांतहि मोठ्यानें उत्तर देणाऱ्या मुलास आम्हीं कधीं दोन गुण अधिक दिले नसतील असें शपथेवर सांगवत नाहीं.

तेव्हां भरतमुनि आठवले. श्रुति मोजण्याची नाट्यशास्त्रांतील रीत वाचकांस ठाऊक असेल. दोन वीणा अगदीं सारख्या लावावयाच्या. एक तशीच ठेवून दुसरी पायरीपायरीनें उतरवावयाची आणि पहिलीशीं ताडून पाहावयाची. पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत यांस ध्रुववीणा आणि चलवीणा अशीं नांवें देऊन प्रत्येकीस बावीस तारा सांगितल्या. मर्म एवढेंच, कीं ज्याची तुलना करावयाची त्याखेरीज बाकी सर्व सारखें हवें. आमच्या परीक्षेंत ध्रुव असें कांहींच नव्हतें. म्हणून सौ.चा तानपुरा काढला, तास खर्चून लावला, आणि पुतण्यानें तो चांगल्या यंत्रावर मुद्रित करून घेतला. हा आमचा ध्रुव. आधीं प्रत्यक्ष तानपुरा ऐकावयाचा, मग त्याचेंच मुद्रण एकेका इयरफोनांतून. आणि षड्जाची तार तिन्हींत सारख्या जोरानें येईल असा आवाज आधीं जुळवून घ्यावयाचा. आम्ही डोळे मिटून बसूं, सौ. इयरफोन कानांत घालतील, नात क्रमांक लिहून ठेवील. उत्तरपत्रिकेवरचें नांव झांकून तपासण्याचीच ही रीत.

तानपुरा ही फार कठोर कसोटी आहे. तार आणि घोडी यांच्यामध्यें सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. तार घोडीच्या पाठीस निसटती घांसते आणि मूळ स्वराच्या डोक्यावर उपस्वरांची झालर उभी राहते. ज्या मिरजेच्या तानपुऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें त्याची ख्याति याच कारागिरीची. साध्या इयरफोनांतून ही झालर एक तर पुसून जाते किंवा तिचे कांटे होतात. बारा हजारांच्या नगांत चारी तारा सुट्या मोजतां येत. दोन हजारांच्या नगांत त्या थोड्या एकमेकींत मिसळत, पण रंग खरा राही. पांच हजारांच्या नगांत जवारीला एक विलक्षण तेज होतें, आणि आम्हांस तें फारच आवडलें.

दुसरी कसोटी आमच्या पेशाची. शिक्षाग्रंथांनीं शकार तालव्य, षकार मूर्धन्य आणि सकार दन्त्य सांगितला आहे. ध्वनिशास्त्राच्या भाषेंत सकाराचा जोर सेकंदास पांच ते आठ हजार कंपांच्या पट्टींत असतो, शकाराचा त्याहून बराच खालीं. हलका इयरफोन येथें हमखास उघडा पडतो: प्रत्येक सकार शिट्टी घालतो. नातीनें स्वतःच्या आवाजांत हीं अक्षरें मुद्रित करून दिलीं. पांच हजारांच्या नगांत आम्हांस श आणि स इतके स्वच्छ वेगळे ऐकूं आले, कीं गेल्या कित्येक वर्षांत तसे ऐकल्याचें स्मरेना. आम्हीं त्यास शंभरांपैकीं नव्वद गुण दिले आणि निकाल जाहीर केला.

नातीनें तो कानांत घातला आणि लगेच काढला. "आजोबा, हा नको. प्रत्येक 'स'ला सुई टोचते." सौ.नींहि घालून पाहिला आणि तेंच सांगितलें. आम्हीं दोघींस रागावून सांगितलें, कीं उच्चारशास्त्र आमचा विषय आहे. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्यानें मोबाईलवर एक साधा नाद लावला आणि त्याची उंची चढवीत नेली. ज्याला ऐकूं येणें थांबेल त्यानें हात खालीं करावा. नातीचा हात सतरा हजारांपर्यंत वर होता. सौ.चा दहा हजारांवर खालीं आला. आमचा हात सात हजारांच्या अलीकडेच खालीं आला होता. त्यापुढें आमच्या दृष्टीनें खोलींत शांतता होती आणि नात मात्र कानांवर हात ठेवून तोंड वांकडें करीत होती.

वय झालें कीं उंच स्वर आधीं जातात हें पुस्तकांतून वाचलेलें होतें. पण तें हळूहळू जातात आणि जातांना कांहीं सांगून जात नाहींत. ज्या नगास आम्हीं नव्वद गुण दिले तो उंच पट्टी गरजेपेक्षां फार वाढवून देत होता. आमच्या कानांत जें उणें होतें तें तो भरून काढीत होता, म्हणून आम्हांस तो निर्दोष वाटला.

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं, आणि कारण इयरफोन नव्हे. निवृत्तीच्या आदल्या वर्षीं, २०१५ सालीं, गीतेच्या पंधराव्या अध्यायाच्या पाठांतर-स्पर्धेसाठीं आम्ही नववींतलीं मुलें निवडीत होतों. एका मुलाचा आवाज उत्तम, अध्याय सबंध पाठ, पण त्याचा सकार आम्हांस शकारासारखा ऐकूं येई. आम्हीं त्यास वर्गापुढें उभें करून दहा वेळां म्हणावयास लाविलें. "दांतांना जीभ लाव," असें सांगत होतों. तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, मी तसंच म्हणतोय." उलट उत्तर केलें म्हणून आम्हीं त्यास बसविलें आणि दुसरा मुलगा पाठविला. बाकीचीं मुलें त्या वेळीं गप्प होतीं. तें गप्प राहणें आम्हीं संमति समजलों. सकाराचें वरचें टोंक ज्याच्या कानांत शिरत नाहीं त्याला उरलेला खालचा भाग शकारासारखा भासूं शकतो, हें आम्हांस दहा वर्षांनीं इयरफोनच्या निमित्तानें कळलें.

पुढच्या आठवड्यांत वसईस जाऊन रीतसर श्रवण-तपासणी करून घेतली. तेथें कानांत फेंसाळ मऊ बूच घालून त्याच्या नळींतून बारीक नाद सोडले. पुतण्या म्हणाला, हें त्याच घराण्याचें आहे: मीड किलियन यांच्या ज्या अमेरिकन संस्थेनें श्रवण-तपासणीसाठीं कानांत घालण्याचे इयरफोन केले, तिनेंच १९९१ सालीं संगीतासाठीं त्या जातीचा इयरफोन बाजारांत आणला. आलेखावरील आमची रेघ चार हजारांपाशीं वांकते आणि मग घाटाच्या रस्त्यासारखी उतरते. श्रवणयंत्राचा विचार करण्यास सांगितलें आहे, आणि आम्ही तो करीत आहों.

नातीसाठीं शेवटीं दोन हजारांच्या आंतला नग घेतला. तिच्या आणि सौ.च्या गुणपत्रिकेंत पहिला क्रमांक बारा हजारांच्या नगाचा होता, पण दुसऱ्याशीं अंतर चार गुणांचें आणि किंमतींत दहा हजारांचें. शिवाय तेरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरांत वस्तु कशी राहते हें सर्वांस ठाऊक आहे. त्यावर लहान टोपणें चढविलीं; मुलांच्या कानास मधलीं मोठीं होतात. आणखी एक दंडक घातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानानें मोठ्या माणसानें ८० डेसिबल आवाज आठवड्यांत ४० तासांपेक्षां अधिक ऐकूं नये, मुलांसाठीं ती मर्यादा ७५ डेसिबलची. आणि आवाज तीन डेसिबलांनीं वाढला कीं मुभा निम्म्यावर येते. घट्ट बसणाऱ्या बुचाचा हा मोठा लाभ, कीं समुद्र आणि रिसॉर्ट दोन्ही बाहेर राहतात आणि आवाज वाढवावाच लागत नाहीं. मोबाईलमध्यें आवाजाची कमाल मर्यादा घालून ठेवण्याची सोय असते. पुतण्यानें ती घालून दिली. गातांना मात्र ती एकाच कानांत इयरफोन घालते. दोन्ही बंद केले कीं स्वतःचा आवाज डोक्यांत घुमूं लागतो आणि सुराचा अंदाज चुकतो. रस्त्यावर इयरफोन घालावयाचा नाहीं हें निराळें सांगावें लागलें.

पांच हजारांचा नग पुतण्यानें आमच्यापाशींच ठेविला आहे. सायंकाळीं ओटीवर बसून आम्ही त्यांतून किशोरीताई ऐकतों, आणि त्यांच्या स्वरमंडलाच्या तारा आमच्यापुरत्या तरी चकाकतात.

त्या मुलाच्या एका वर्गमित्राकडून त्याचा पत्ता लागला. तो पुण्यास नोकरीस आहे आणि दिवाळींत गांवीं येतो. तेव्हां त्याच्या घरीं जाऊन यावयाचें ठरविलें आहे. सौ. म्हणतात, "जातांना नातीलाही न्या. तो काय म्हणतो तें ती नीट ऐकेल."