कर्जतला पोचण्याआधी

पेणहून खोपोलीमार्गे कर्जत फार लांब नाही. तिथे डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तिथे आणतात, बरं करतात आणि त्यांचं घर शोधून पोचवतात. या कामाचं मूळ मुंबईतल्या एका तरुणापर्यंत जातं. तो करवंटीने गटाराचं पाणी पीत होता. वाटवानी दाम्पत्याने त्याला दवाखान्यात नेलं, आणि उपचारांनंतर कळलं, हा आंध्रातला पदवीधर! डॉक्टरांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो योग्यच. पण असा माणूस रस्त्यावर येण्याआधी कुठल्यातरी घरात राहत असतो. त्याची झोप उडालेली कुणीतरी पाहिलेली असते.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यातला, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर ब्रश धरून नुसता बसून राहतो. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतला कामगार पाळ्या चुकवतो. कॉलेजातली मुलगी दार लावून घेते. मग घरात निदान सुरू होतं: नजर लागली, बाहेरचं आहे, लग्न लावून द्या म्हणजे ताळ्यावर येईल. यातला लग्नाचा उपाय सर्वांत वाईट, कारण त्यात परक्या घरचं लेकरूही भरडलं जातं.

देवापुढे नारळ ठेवायला कुणाची ना नाही. पण त्याच आठवड्यात डॉक्टरही गाठावा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणं मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

सुरुवातीचा आधार द्यायला पदवी लागत नाही. ‘झोप लागते का? जेवण जातं का?’ हे विचारावं आणि उत्तर पुरतं ऐकावं. ‘जीव नकोसा वाटतो का?’ हेही स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नये. ‘मन घट्ट कर’ म्हणण्यापेक्षा ‘चल, मी येतो बरोबर’ हे कितीतरी उपयोगाचं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचं दिसलं. याला फक्त लाज कारणीभूत नाही. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर रोजंदारीवाल्याची मजुरी बुडते.

मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. पेणच्या कारखानदारांनी आणि धाटावच्या कंपन्यांनी तो हजेरीच्या वहीशेजारी लावावा, आणि दवाखान्यात गेलेल्या कामगाराचा त्या दिवशीचा खाडा धरू नये.