यंत्र नंतर आणा, आधी वंशावळ काढायला शिकवा

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'जीनोम इंडिया'ची बातमी फॉरवर्ड केली. देशातल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचून झाले, जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली वगैरे. खाली अंगठ्यांचा पाऊस. अभिमान मलाही वाटला. पण मंडळी, हे जे वाचलंय ते आमच्या जालन्यातल्या पेशंटला समजावून सांगणार कोण?

गंमत बघा. जनुक हा शब्द जालन्याला नवा नाही. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथेच महिको काढली, आणि २००२ मध्ये देशात पहिल्यांदा परवानगी मिळालेली बीटी कपाशी याच कंपनीची. आमच्याकडचा शेतकरी सरकीचं पाकीट पारखून घेतो. त्याच घरात लागोपाठ दोन लेकरं एकाच आजारानं गेली, की मात्र नशीब! नाहीतर सुनेचा पायगुण.

माझा खरा राग इथे आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल होतो तेव्हा सहसा आई-वडील दोघेही वाहक असतात. स्वतः धडधाकट; पण दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणजे हिशोब निम्मा-निम्मा, एकट्या सुनेचा नाही. त्यात मामाची मुलगी करणं आपल्याकडे चालतं. आते-मामे भावंडांची सरासरी एक-अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात, त्यामुळे दोघेही एकाच आजाराचे वाहक निघण्याची शक्यता वाढते. (नातेवाईकांनो, रागावू नका. अशा बहुतेक जोडप्यांची मुलं ठणठणीत असतात. लग्नं मोडा म्हणत नाहीये, तपासून घ्या म्हणतोय.)

हे ओळखायची सुरुवात करायला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. कागद, पेन्सिल आणि अर्धा तास लागतो. तीन पिढ्यांत कोण लहानपणी गेलं, कुणाला सारखं रक्त चढवावं लागायचं, कुणाचं लग्न नात्यात झालं, हे नीट विचारायचं. पण हे विचारायला शिकवतो कोण? एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी आनुवंशिकता पाठ करायची, पेपरात आकृती काढायची, संपलं.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये 'उम्मीद' योजना आणली. निदान केंद्रं आणि सरकारी डॉक्टरांना आनुवंशिक आजारांचं प्रशिक्षण. दिशा बरोबर आहे. पण शिकायला मोठ्या शहरात गेलेला तरुण डॉक्टर परत इकडे येईल याची हमी काय? त्यापेक्षा शिकवणंच इकडे आणा. २०२४ मध्ये जालन्यात १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. तिथल्या प्रत्येक इंटर्नने दहा घरांच्या वंशावळी काढल्याशिवाय त्याला सोडू नका.

आणि पुण्या-मुंबईच्या लॅबमधल्या नव्या संशोधकांनाही सहा महिने इथल्या ओपीडीत बसवा. जनुकीय चाचणीच्या रिपोर्टात पुष्कळदा लिहिलेलं असतं, बदल सापडला पण त्याचा अर्थ अनिश्चित. जगाच्या डेटाबेसमध्ये भारतीय माणसं कमी, म्हणून आपल्याकडे हे जास्त. संशोधकाला ती एक ओळ असते. घरचे ती आजार म्हणून वाचतात, आणि त्यावर गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवायला निघतात. समोर बसलेली आई पाहिल्याशिवाय ती ओळ कशी लिहायची हे कळत नाही.

"आधी साधी औषधं तर मिळू देत," असं कुणीतरी म्हणणारच. मिळायलाच हवीत. पण थॅलेसेमियाचा वाहक साध्या रक्ततपासणीवरून संशयित धरता येतो, आणि एचबीएटू नावाच्या चाचणीने बहुतेक वेळा पक्का होतो. ही चैन नव्हे. दुर्मिळ आजारांसाठी २०२१ च्या धोरणानुसार मुंबईचं केईएम आहेच, पण रात्रीची देवगिरी पकडून तिथे कुणाला पाठवायचं आणि कुणाला नाही, हे जालन्यातल्याच डॉक्टरला कळायला हवं.

ते कळेपर्यंत तुमचे दहा हजार जीनोम तिकडे, आणि आमची सून इकडे बोलणी खात बसलेली. पटत नसेल तर भांडा, पण आधी आपल्या घरची वंशावळ काढून बघा.